‘हक्क’ या शब्दाचा प्रवास

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. तीत एक राजवट नवी भाषा घडविते. तिचा शब्दकोश दर आवृत्तीला जाड होण्याऐवजी पातळ होत जातो. जेथे माणसांचा छळ होतो, त्या खात्याला प्रेमाचे मंत्रालय म्हणतात. ‘मुक्त’ हा शब्द उरतो, परंतु जनावराच्या अंगावर उवा नाहीत एवढेच सांगण्यापुरता. मनुष्य मुक्त आहे, हा विचार त्या भाषेत मांडताच येत नाही.

पाश्चात्त्य वाचकाला हे भविष्याचे भय वाटले. आमच्या वस्तीतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र ते आपल्या पणजोबांचे गाव वाटते. गावगाड्यात ‘हक्क’ हा शब्द होताच. येसकराचा हक्क म्हणजे दारोदार फिरून मागितलेली भाकरी. मेलेल्या गुराचे कातडे, हाही हक्क. बिदरच्या बादशहाने आपल्याला बावन्न हक्क दिल्याची कथा तर अभिमानाने सांगितली जाई. त्याच गावच्या पाणवठ्यावर उतरायचे म्हटले की हा शब्द मुका होई. ‘वतन’ही तसेच. पाटलाचे वतन म्हणजे सत्ता, महाराचे वतन म्हणजे रात्री-अपरात्री हाक येताच सरकारी कामासाठी धावणे. शब्द एकच असल्यामुळे गुलामीलाही मालकीचा भास होता, आणि हा भास बेडीहून चिवट असतो. हे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा झाला तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ साली.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, ते म्हणूनच भाषेच्या इतिहासातही नोंदवावे लागेल. भाकरी आणि कातड्यापुरता उरलेला ‘हक्क’ त्या ओंजळीत पाणी झाला. पुढे १९३८ साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. नावाने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

आपल्या बारामतीला मोरोपंतांचा अभिमान आहे आणि तो असावा. संस्कृतप्रचुर आर्यांचे ते मोठे कवी होते. परंतु त्याच परिसरातल्या येसकराची हाळी कोणी पोथीत उतरवली नाही. तथागतांनी आपले वचन छंदस् भाषेत बांधण्यास भिक्खूंना मनाई केली आणि लोकांच्या बोलीत धम्म सांगावयास लावले, त्यामागची दृष्टी येथे आठवते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर अशी नावे सुचविली गेली. वगळावयाच्या नावांत ‘महारवाडा’ होता, तसा ‘बौद्धवाडा’ही होता. धम्मदीक्षेने मिळालेले नाव गावाने पुन्हा जुन्याच वेशीबाहेर नेऊन ठेवले होते, याची ही सरकारी कबुलीच म्हणावी लागेल. पाटी बदलणे योग्यच. बारामती-इंदापूरच्या खेड्यांत पत्ता विचारताना तोंडी कोणता शब्द येतो, ते वाचकांना ठाऊक आहे.

मला अधिक चिंता वाटते ती सौम्य शब्दांची. ‘लाभार्थी’ हा शब्द आज कार्यालयांतून सर्रास वापरला जातो. नागरिक मागतो तेव्हा तो जाब विचारतो. लाभार्थी आभार मानतो. शिष्यवृत्तीला ‘सवलत’ म्हटले की पुन्हा ती येसकराची भाकरी होते. आणि आमची मुलेही सहज म्हणतात, ‘सर, मी सवलतीतला.’ संविधानाच्या अनुच्छेद ४६ ने अनुसूचित जाती-जमाती आणि इतर दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितसंबंधांचे संवर्धन विशेष काळजीपूर्वक करण्याचे काम राज्याकडे सोपविले आहे. तेथे उपकाराची भाषा नाही.

आपल्या शाळेने निदान स्वतःच्या छापील कागदांतून हे दोन्ही शब्द काढून टाकावेत, असे मी सुचवितो. शासनाच्या नमुन्यांत ते राहतीलच. ते अर्ज भरण्याच्या दिवशी वर्गात आधी अनुच्छेद ४६ मोठ्याने वाचला जावा, मग सह्या व्हाव्यात.