माग चादरीचा की रॉकेटचा?

सुरुवात एका साध्या सेन्सरपासून झाली. फायनल इयरच्या प्रोजेक्टला स्वतःचा तोल सांभाळणारी दुचाकी बनवायचं खूळ आमच्या ग्रुपच्या डोक्यात शिरलं आणि एका परदेशी कंपनीकडून जायरो सेन्सर मागवायचं ठरलं. पैसे भरायच्या आधी एक फॉर्म समोर आला. माल कशासाठी हवा? वापरणार कोण? अण्वस्त्र, रासायनिक शस्त्र, क्षेपणास्त्र यांसाठी वापरणार नाही अशी हमी देता का? रूममेट म्हणाला, "अरे, आपली गाडी गेटपर्यंत सरळ गेली तरी मिळवली, क्षेपणास्त्र कुठलं घेऊन बसलास!" टिक केलं, विषय संपला. मेसमध्ये दोन दिवस आमची 'मिसाईल पार्टी' म्हणून चेष्टा झाली, तेवढंच.

माझ्या डोक्यातून मात्र तो फॉर्म जाईना. बाहेरून येणाऱ्या मालाला इतक्या चौकशा, मग आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या मालाचं काय? शोधलं तर कळलं, आपलीही यादी आहे. तिचं नाव 'स्कोमेट'. विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, ही यादी काढतं. त्यातली वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तूच कशाला, तिचं सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञानही नाही. म्हणजे ईमेलला जोडलेलं ड्रॉइंगसुद्धा त्यात येऊ शकतं!

त्या यादीत मला चक्क माग सापडला. सोलापूरच्या पोराला माग दिसल्यावर तो थांबणारच. क्षेपणास्त्रांचे हलके आणि मजबूत भाग कार्बन फायबरसारख्या धाग्यांपासून बनतात. ते धागे अनेक दिशांनी विणणारी यंत्रं यादीत आहेत, आणि साध्या यंत्राला तसं बनवणारे सुटे भागही आहेत. पुढे खुलासा असा की, या कामासाठी बदल न केलेली कापड उद्योगाची यंत्रं यात धरू नयेत. म्हणजे पूर्व भागात खडखडणारा चादरीचा माग मोकळा. पण एखाद्या हुशार मेकॅनिकने त्याला चार ब्रॅकेट आणि नवं हेड लावून कार्बन फायबरच्या अशा विणीसाठी तयार केला, की तो दुसऱ्याच जगात गेला. आता हे बदल करणारा माणूस कोण? तुमच्या-माझ्यासारखाच कुणी तरी, अक्कलकोट रोड नाहीतर चिंचोळी एमआयडीसीत पहिली नोकरी करणारा.

या नियमांचा राग येणं मात्र स्वाभाविक आहे, कारण आपण बरीच वर्षं दाराबाहेर उभे होतो. तारापूरचंच बघा. १९६९ साली सुरू झालेल्या अमेरिकन अणुभट्ट्या, इंधन अमेरिकेने द्यायचं असा करार. १९७४ ला पोखरणची चाचणी झाली, १९७८ ला अमेरिकेने नवा कायदा केला आणि इंधनाचं घोडं अडलं. शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचं ठरलं. भारताला हवा तेवढ्या ताकदीचा क्रे महासंगणकही मिळाला नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला.

'नकार मिळाला म्हणूनच आपण मोठे झालो' हे भाषण आपण दर गॅदरिंगला ऐकतो. टाळ्याही वाजवतो. मला ते अर्धंच पटतं. रशियाकडून मिळणारं क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे हुकलं. स्वतःच्या क्रायोजेनिक इंजिनावर जीएसएलव्ही यशस्वी उडालं जानेवारी २०१४ मध्ये. वीस वर्षं! त्यात किती इंजिनिअरांची उमेदीची वर्षं गेली, हे त्या भाषणात येत नाही. आणि मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीतून निघालं ते थेट जानेवारी २०२५ मध्ये.

तरीसुद्धा मी म्हणतो, कुलूप हवं. कारण मलेशियातलं शाह आलम. तिथल्या एका कारखान्याला परदेशी गिऱ्हाइकाची ऑर्डर मिळाली, अचूक मापाचे अॅल्युमिनियमचे भाग बनवायची. ऑक्टोबर २००३ मध्ये 'बीबीसी चायना' नावाचं जहाज लिबियाकडे जाताना इटलीत वळवलं गेलं आणि पेट्यांत सापडले युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे भाग. पाकिस्तानच्या अब्दुल कादिर खान यांच्या जाळ्यातली ती ऑर्डर होती. कारखाना म्हणाला, आम्हाला वाटलं तेल आणि गॅस उद्योगासाठी आहेत! खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. पण लेथवर उभ्या असलेल्या कामगाराला खरंच काय कळणार? त्याच्या हातात मापं आणि टॉलरन्स.

एप्रिल २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव केला : प्रत्येक देशाने आपापलं दार सांभाळावं. आपला सामूहिक संहाराच्या शस्त्रांबाबतचा कायदा २००५ चा. पुढे २०१६ मध्ये भारत क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटात, २०१७ मध्ये वासेनार गटात आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गटात गेला. अणुपुरवठादार गटाने (जो आपल्या १९७४ च्या चाचणीमुळेच जन्मला) २००८ मध्ये सवलत दिली, सदस्यत्व अजून दिलेलं नाही. असो.

आता पैशाचा मुद्दा. अमेरिकेने 'ईएक्सबीएस' नावाच्या कार्यक्रमातून दुसऱ्या देशांच्या कस्टम अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, तपासणीची यंत्रं दिली, कायदे लिहायला मदत केली. युरोपीय संघानेही असाच पैसा घातला. धर्मादाय नव्हे हो! आपल्या दाराला कितीही कुलपं लावा, शेजाऱ्याचं मागचं दार उघडं असेल तर माल तिकडून जातोच, हा साधा हिशोब. त्यात श्रीमंत देशांचा स्वार्थ आहेच. पण शाह आलमसारखी पेटी आपल्या शेजारी उतरली तर झळ आपल्यालाच आधी लागेल, म्हणून असा पैसा खर्च होण्यात मला गैर वाटत नाही. भारतानेही शेजारी देशांसाठी तो हात सोडून खर्च करावा.

माझी तक्रार वेगळी आहे. पैसा बंदरावर जातो, ड्रॉइंग बोर्डवर येत नाही. कस्टमवाल्याला स्कॅनरमध्ये नळी दिसेल. ती ३०० मिलिमीटरचीच का, एवढ्या कडक टॉलरन्सची का, हा प्रश्न ती बनवणाऱ्या इंजिनिअरलाच पडू शकतो. आणि त्याला आपण काय शिकवतो? चार वर्षांत थर्मोडायनॅमिक्स झालं, व्हायवाला घाम फुटला, पण स्कोमेट हा शब्द मी एकाही लेक्चरला ऐकला नाही. (बंक केलेल्या लेक्चरला झाला असेल तर सरांची माफी!) मोठ्या कंपन्यांकडे हे बघायला स्वतंत्र माणसं असतात. सोलापूरच्याच वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात, त्यांना कुणी हे शिकवायला नको. अडचण आहे ती दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपची, जिथे मालकच मार्केटिंग बघतो आणि परदेशी ऑर्डर आली की आधी पेढे वाटले जातात.

प्राध्यापक मंडळींना म्हणूनच एक विनंती. पुण्यात डीजीएफटीचं कार्यालय आहे. तिथल्या एका अधिकाऱ्याला एखाद्या शनिवारी बोलवा, एमआयडीसीतल्या चार उद्योजकांनाही पुढच्या रांगेत बसवा आणि यादीतलं मागाचं पान पडद्यावर लावा. खर्च म्हणाल तर गाडीभाडं, जेवण आणि निरोपाला एक सोलापुरी चादर. ती न्यायला परवाना लागत नाही.

आमचा सेन्सर आला. गाडी अजून पडतेच आहे.