चाचणी कशासाठी?

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे थांबले. 2019च्या दुरुस्तीने हा निर्णय राज्यांवर सोपवला. महाराष्ट्राने 2023मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. अनुत्तीर्ण मुलाला पुरवणी मार्गदर्शन व फेरपरीक्षेची संधी मिळते; त्यातही अपयश आले तर त्याच वर्गात बसावे लागते.

राज्यस्तरीय चाचण्यांचा उद्देश वेगळा आहे. 2015च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमापासून भाषा व गणिताच्या पायाभूत आणि संकलित चाचण्या घेतल्या जाऊ लागल्या. मूल कोणत्या टप्प्यावर अडले, हे त्यांतून शिक्षकाला कळावे अशी अपेक्षा असते. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने 2026-27पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व साधे गणित यावे, असे ध्येय ठेवले आहे.

ही मुदत जवळ आली असताना हा अंक नागपूर महापालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू शाळांतून आणि जिल्हा परिषदेच्या वर्गांतून या चाचण्यांकडे पाहतो. प्रश्न गुणांचा नाही, गुण कळल्यानंतर वर्गात काय बदलते याचा आहे. शिक्षक आणि पालकांनी आपले अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवावेत.