शिक्का आणि शेरा

‘तज्ज्ञ-परीक्षित’ हा शब्द मराठी शोधनियतकालिकांच्या मुखपृष्ठावर आता सर्रास छापला जातो. मात्र परीक्षकाने कशावर आक्षेप घेतला आणि लेखकाने त्याला काय उत्तर दिले, हे आतल्या पानांवर सहसा आढळत नाही. ज्याची कारणे दिसत नाहीत असे परीक्षण म्हणजे निव्वळ शब्दप्रामाण्य होय.

त्याची फळे आपण पाहिली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून तीत आलेल्या, पण अन्य मान्यवर सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा निष्कर्ष भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे वगळली. पुढे ‘केअर’ यादी आली. २०२५ साली तीही बंद झाली. निवडीचा भार आता संस्थांवर, म्हणजे जुन्नर, मंचर, घोडेगाव येथील महाविद्यालयांवरही आहे. त्यांनी कोणता निकष लावावा?

तो जुन्नर तालुक्यातच सापडतो. नाणेघाटातील सातवाहन लेखाचा अभ्यास कोणा अनामिक तज्ज्ञाच्या संमतीने पुढे गेलेला नाही. भगवानलाल इंद्रजींनी १८७०च्या दशकात त्यातील अंकचिन्हांची चर्चा केली. ब्यूलरने १८८३ साली तो लेख इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला मानला; दिनेशचंद्र सरकारांनी लिपीच्या आधारे तो पहिल्या शतकात आणला. हा मतभेद स्वनामाने आणि सकारण छापला गेला. म्हणून आजचा पदव्युत्तर विद्यार्थीही त्या वादात उतरू शकतो.

अनामिकतेमुळे नवख्या लेखकाला ज्येष्ठांच्या रोषापासून संरक्षण मिळते, असा युक्तिवाद केला जातो. विशाल विद्वत्समूहात तो काही अंशी खरा असेल. मराठीत एकेका विषयाचे जाणकार बोटांवर मोजण्याइतके आहेत. आंबेगावच्या पश्चिम भागातील महादेव कोळ्यांच्या गीतांवर लेख आला, तर तो कोणाचा हे परीक्षक पहिल्याच परिच्छेदात ओळखील. झाकलेला राहतो तो एकटा परीक्षक. आणि ती गीते त्याने कधी ऐकलीच नसतील, तर त्याचे अज्ञानही झाकलेले राहते. येथे संरक्षण मिळते ते अधिकार असणाऱ्याला.

नाव गुप्त ठेवायचे तर ठेवावे. कारणे गुप्त ठेवू नयेत. स्वीकृत लेखासोबत परीक्षकाचा अभिप्राय व लेखकाचे उत्तर छापावे. नाकारलेल्या लेखकाला संपूर्ण अभिप्राय द्यावा, त्याचे प्रत्युत्तर ऐकावे, आणि अंतिम निर्णयाखाली संपादकाने स्वतःची सही करावी. यामुळे अंकात लेख कमी बसतील, ही तक्रार खरी आहे. पण ज्या लेखाचे परीक्षण दाखवता येत नाही, त्याच्यासाठी जागा राखण्याचे कारण तरी काय?