भाच्याचा अ‍ॅम्प किती वॅटचा असावा?

गेल्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर सात-आठ अ‍ॅम्प्लिफायरचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मामू, यातला कोणता घेऊ?" तो गिटार वाजवतो आणि बरा गातो. गझला, जुनी हिंदी गाणी, मराठी भावगीतं, मूड लागला तर एखादी कव्वाली. आता त्याला रस्त्यावर गायचं आहे. रविवारी संध्याकाळी सावेडीत एखाद्या मोकळ्या कोपऱ्यावर, सुट्टीत भंडारदऱ्याला, जमलं तर गोव्याला. म्हणजे जिथे प्लग नाही तिथे चालणारा, खांद्याला अडकवून नेता येणारा, बॅटरीवरचा अ‍ॅम्प हवा. मला विचारायचं कारण एवढंच की अब्बांचं रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं आणि माझं अर्धं लहानपण सोल्डरच्या धुरात गेलं.

गाणं-बजावणं जायज आहे का, ही चर्चाही घरात झालीच. चिश्ती खानकाहांमध्ये समा चालत होता तेव्हाही ती चालू होती, या लेखात ती मिटणार नाही. त्याच्या अम्मीने होकार दिला आहे. माझ्यापुरता विषय संपला.

त्याची यादी त्याने वॅटच्या क्रमाने लावली होती. सगळ्यात वर एक भलामोठा ट्रॉली स्पीकर, रंगीत दिव्यांचा, चाकं लावलेला, खोक्यावर हजारो वॅटचा आकडा छापलेला. त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात 'पीएमपीओ' असं लिहिलेलं असतं. ही शुद्ध फसवणूक आहे. पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी, कागदावर, वाटेल त्या पद्धतीने काढलेली ताकद. पेटी सतत किती ताकद देते ते 'आरएमएस' आकड्यावरून कळतं, आणि हजारोंचा दावा करणाऱ्या पेटीत तो बहुतेक वेळा दोन आकडी निघतो. आत शिशाची बारा व्होल्टची बॅटरी असते, तिचंच वजन दोन किलोच्या पुढे. ही पेटी लग्नाच्या मांडवात ठीक आहे. एसटीत चढवून बघा. 1948 साली राज्यातली पहिली एसटी नगर-पुणे मार्गावर धावली याचा आम्हा नगरकरांना अभिमान आहे, पण एका हातात गिटार आणि दुसऱ्या हातात ट्रॉली घेऊन माळीवाड्याच्या स्टँडवर गर्दीत गाडी पकडून दाखवणाऱ्याला मी वेगळा पुरस्कार देईन.

म्हणून आम्ही दोघं पुण्याला गेलो आणि एका दुकानात तासभर बसून पेट्या ऐकल्या. खरी निवड रोलँडच्या दोन पेट्यांत होती. एक क्यूब स्ट्रीट: पाच वॅट, वजन सव्वापाच किलोच्या आसपास, सहा पेन्सिल सेलवर चालणारी. दुसरी तिचीच थोरली बहीण, क्यूब स्ट्रीट ईएक्स: पन्नास वॅट, सात किलोच्या वर, आठ पेन्सिल सेल. भाच्याचा जीव थोरलीवर. "मामू, पाच वॅट म्हणजे खेळणं. आवाज पोचला पाहिजे ना!"

इथे अब्बांच्या दुकानातलं गणित उपयोगी पडलं. दहापट वॅट म्हणजे दहापट आवाज नव्हे. दहापट ताकदीने दहा डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, एवढंच. म्हणजे पाचाचे पन्नास वॅट केले तर आवाज दुप्पट, आणि पूर्ण जोरात वाजवलं तर सेल तेवढ्याच वेगाने मरतात. आता दुसरी बाजू. बरा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर नव्वदच्या आसपास डेसिबल देतो. पाच वॅटवर ते सत्त्याण्णव होतात. उघड्यावर अंतर दहापट झालं की वीस डेसिबल उतरतात. म्हणजे पाच वॅटचं ते 'खेळणं' पूर्ण उघडलं तर दहा मीटरवर, तेहतीस-चौतीस फुटांवर, सत्त्याहत्तर डेसिबल पोचवू शकतं.

आता कायदा बघा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा मर्यादा 55 डेसिबल, रात्री 45. बाजारपेठेत 65 आणि 55. सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेपेक्षा दहा डेसिबलहून जास्त नको, आणि कोणत्याही परिस्थितीत 75 च्या पुढे नको. लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा बंद. नियमात 'छोटा अ‍ॅम्प' असा वेगळा खाना नाही, त्यामुळे भाच्याने अर्ज करूनच उभं राहावं असं माझं म्हणणं आहे. पण मुद्दा असा की पाच वॅटसुद्धा कोपऱ्यावर पूर्ण उघडता येणार नाहीत. उरलेले पंचेचाळीस तो कोणासाठी विकत घेतोय?

त्याने अमर शेखांचं नाव काढलं. शाहिरांचा आवाज मैदानभर जायचा म्हणे. जायचा, आणि जायलाच हवा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना लोक त्यांना ऐकायला येत होते. तुझ्या कोपऱ्यावर लोक भाजी घ्यायला येणार आहेत. ज्याला ऐकायचं नाही त्याला तुझ्यापासून वीस पावलांवर सुटका मिळाली पाहिजे.

रस्त्यावर गाणं ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. वासुदेव, गोंधळी, डफ वाजवत फिरणारे फकीर हे सगळे तेच करत आले. बॅटरीवर गाणारेही आपल्याकडे आधीपासून आहेत. घोडेगावच्या बाजारात मी अंध गायकांची एक जोडी ऐकली होती. एकाच्या पोटाशी हार्मोनियम, दुसऱ्याच्या हातात माईक, हातगाडीवर आहुजाची जुनी मशीन आणि खाली गाडीची बॅटरी. भोंगा त्यांनी मुद्दाम जमिनीकडे थोडा झुकवला होता. मी विचारलं तेव्हा गाणाऱ्याने सांगितलं, "साहेब, लांबचा माणूस नुसता ऐकून जातो. जवळ येतो तो पैसे टाकतो." अ‍ॅम्पबद्दल याहून कामाचं मला कोणी सांगितलेलं नाही.

आवाज कमी ठेवायचा म्हणजे तो साफ हवा, आणि पेटीत पैसा घालायचा तो इथे. नुसत्या इलेक्ट्रिक गिटारसाठी केलेल्या अ‍ॅम्पमध्ये गळा घातला की तो घोंगडीतून आल्यासारखा येतो. त्यात वरच्या पट्टीचे सूर कापलेले असतात. गाणाऱ्याला माईकसाठी वेगळी लाईन हवी, तिचा आवाज वेगळा वाढवता-उतरवता यायला हवा. लाकडी गिटारच्या पिकअपला त्याच्यासाठी केलेलाच इनपुट हवा, नाहीतर तारा पत्र्यावर वाजल्यासारख्या ऐकू येतात. ब्लूटूथ मोबाईलवरचा ठेका लावण्यापुरतं ठीक. त्यावर गिटार जोडायला जाऊ नये, आवाज हातामागून येतो. पेटीला मागे झुकवून ठेवता आलं पाहिजे, म्हणजे आवाज गुडघ्यांना न लागता कानाला लागतो. आणि माईक कधीही पेटीच्या समोर धरू नये, शिट्टी मारते.

बॅटरीबाबत मी जुन्या वळणाचा आहे. आत बसवलेली लिथियम बॅटरी हलकी असते, चार्जिंगला सोपी, पण दोन-तीन वर्षांनी ती दमली की गावाकडे बदलून कोण देणार? नगरच्या मे महिन्यात बंद गाडीत विसरलात तर त्याआधीच दमेल. पेन्सिल सेल अकोल्याच्या किराणा दुकानातही मिळतो. रोज वाजवायचं तर चार्ज होणाऱ्या सेलचे दोन संच घ्यावेत, एक वाजतोय तोवर दुसरा तयार.

आता जे बोलायला जड जातं ते. 2022 मध्ये मशिदींवरच्या भोंग्यांवरून रान पेटलं, तेव्हापासून डेसिबल हा शब्द मोहल्ल्यातल्या पोराटोरांनाही पाठ झाला. वाद काढणाऱ्यांना ध्वनिप्रदूषणाची किती काळजी होती ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्याच मोहल्ल्यातून संदलच्या आणि मिलादच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती निघतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, आजारी माणसं कानात कापूस घालून बसतात. गणपतीत निघतात तशाच. 'ते लावतात मग आम्ही का नाही' हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचाही आता आवाज वाटतो. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल एवढं सांगणारा आपला दीन, आणि आपली पोरं शेजाऱ्याच्या छातीत बेस मारतात.

भाच्याच्या वॅटच्या हौसेत मला त्या भिंतींची सुरुवात दिसली, म्हणून मी इतका अडून बसलो. दुसरंही कारण आहे आणि ते त्याला मी दुकानातच सांगितलं, बाहेर येईपर्यंत थांबलो नाही. चौकात मोठ्या आवाजात गाणारा मुलगा कोणीही असला तरी कुणीतरी चिडतं. नाव विचारल्यावर तुझं नाव ऐकून ते चिडणं वेगळं वळण घेऊ शकतं. हे न्याय्य नाही. तरीही हातात परवानगीचा कागद असू दे आणि बटण अर्ध्यावर असू दे. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे घाबरून हळू गायचं का, मामू?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. नंतर म्हणालो, घाबरून नाही. उद्या नाव बदलून घेतलंस तरी मी हेच सांगेन. ते खरं आहे, पण त्याला अर्धंच पटलं असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

भंडारदऱ्याबद्दल मात्र मी ठाम नकार दिला. काजव्यांच्या दिवसांत तिथे तंबूतंबूंतून स्पीकर ओरडत असतात. जंगल अभयारण्याचं, रात्र काजव्यांची. तिथे गिटार न्यावी, अ‍ॅम्प घरी ठेवावा.

शेवटी धाकटी पेटी घेतली, पाच वॅटची. परत आल्यावर गच्चीवर लावली, बटण अर्ध्याच्याही खाली. तो गात असताना मी जिना उतरून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलो. पानवाल्याच्या टपरीपाशी शब्द कळत होते, त्यापुढे नुसती चाल, आणि रस्ता ओलांडल्यावर रिक्षांचा आवाज. फोन करून सांगितलं, बटणावर तिथे पेनाने खूण कर. मग टपरीवाल्याने विचारलं, कोण गातंय वर? त्याला सांगितलं आणि सेल घ्यायला पुढे गेलो. चार्ज होणारे आणायचे राहिले होते.