जिंकूनही वाट अडलेली

२०२५ च्या जून महिन्याच्या आरंभी जर्मनीतील लाइपझिग शहरात फुटबॉलचा एक सामना झाला. यजमान संघ होता लोकोमोटिव्ह लाइपझिग. ईशान्य जर्मनीची अठरा संघांची साखळी स्पर्धा त्याने नुकतीच जिंकली होती. चौतीस सामने, जवळजवळ वर्षभराचा घाम आणि शेवटी पहिला क्रमांक. एवढे झाल्यावर कोणत्याही गावात गुलाल उधळला जाईल. लोकोमोटिव्हच्या वाट्याला मात्र आणखी दोन सामन्यांची परीक्षा आली. प्रतिस्पर्धी होता उत्तर विभागातला, हॅनोव्हरजवळचा हावेल्जे हा छोटा क्लब. पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटला. दुसऱ्यात जादा वेळेत लोकोमोटिव्ह ०-३ असा हरला. हावेल्जे वरच्या श्रेणीत गेला आणि अजिंक्यपदाचा मान मिळवलेला लोकोमोटिव्ह होता तिथेच राहिला.

यात काय विशेष, असे कोणी म्हणेल. खेळ म्हटला की हारजीत आलीच. पण हा प्रश्न एका संघाच्या एका पराभवाचा नाही. ज्या स्पर्धेचा विजेता वर जाईलच याची खात्री नाही, ती स्पर्धा कशासाठी खेळायची, असा हा प्रश्न आहे. त्याचे मूळ शोधायचे तर या स्पर्धेचा, म्हणजे ‘रेगिओनाललिगा नॉर्डोस्ट’चा, आपल्या भाषेत ईशान्य विभागीय लीगचा, इतिहास पाहावा लागतो. हा इतिहास फुटबॉलचा आहे, तसाच तो नकाशावरून पुसल्या गेलेल्या एका देशाचाही आहे.

जर्मन फुटबॉलची रचना शिडीसारखी आहे. सर्वांत वर बुंदेसलिगा, तिच्याखाली दुसरी बुंदेसलिगा, मग तिसरी लीग. इथपर्यंत साऱ्या देशाची एकच स्पर्धा असते. चौथ्या पायरीपासून देश विभागांत वाटला जातो. २०१२ पासून या पायरीवर पाच विभागीय लीग आल्या : उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैर्ऋत्य आणि बव्हेरिया. ईशान्य लीगमध्ये बर्लिन शहर आणि पूर्वीच्या पूर्व जर्मनीतील पाच राज्ये येतात.

या लीगच्या संघांची यादी नुसती वाचली तरी जुना काळ समोर उभा राहतो. १९८७ मध्ये लोकोमोटिव्ह लाइपझिग हाच संघ चषक विजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. उपांत्य फेरीत फ्रान्सच्या बोर्दोला त्याने पेनल्टी किकवर हरवले आणि निर्णायक पेनल्टी मारली ती खुद्द गोलरक्षक रेने म्यूलर याने! अंतिम सामन्यात आयाक्सच्या मार्को फान बास्टेनच्या एका गोलाने चषक हुकला. येनाचा कार्ल झाइस संघ १९८१ मध्ये याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत खेळला होता. झ्विकाऊचा संघ १९७६ मध्ये उपांत्य फेरीत होता. बर्लिनच्या डायनामो संघाने १९७९ ते १९८८ अशी सलग दहा वर्षे पूर्व जर्मनीचे अजिंक्यपद मिळवले. गुप्तपोलीस खात्याचा वरदहस्त असल्याने त्या विजयांवर संशयाचे सावट राहिले, हेही खरे. २०२४-२५ च्या हंगामात हे चारही संघ चौथ्या पायरीवर एकमेकांशी झुंजत होते.

त्यांच्याच रांगेत लाइपझिगचा आणखी एक संघ होता, केमी. त्याची कथा तर आजोबांनी नातवाला सांगावी अशी. १९६३ मध्ये सरकारी क्रीडाधिकाऱ्यांनी लाइपझिगमधील उत्तम खेळाडू निवडून एका संघात भरले आणि उरलेसुरले केमीकडे पाठवले. त्या ‘उरलेल्यां’नी पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, देशाचे अजिंक्यपद जिंकून दाखवले. कागदावर केलेली वर्गवारी आणि मैदानावरचा निकाल यांत किती अंतर असू शकते, हे त्या शहराला तेव्हापासून ठाऊक आहे.

मग हे सारे संघ इतके खाली आले कसे? बर्लिनची भिंत १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये पडली आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाल्या. १९९० च्याच नोव्हेंबरात पूर्वेची फुटबॉल संघटना पश्चिमेच्या संघटनेत विलीन झाली. पूर्वेच्या सर्वोच्च स्पर्धेचा अखेरचा हंगाम १९९१ मध्ये संपला. तिच्यातल्या चौदा संघांपैकी केवळ दोघांना, हान्सा रोस्टॉक आणि डायनामो ड्रेस्डेन यांना, बुंदेसलिगेत जागा मिळाली. सहा संघ दुसऱ्या श्रेणीत गेले. उरलेल्या सहांची रवानगी हौशी फुटबॉलमध्ये झाली. त्या सहांत माग्डेबुर्ग होता. युरोपीय चषक जिंकणारा पूर्व जर्मनीचा एकमेव क्लब हाच. १९७४ मध्ये त्याने बलाढ्य एसी मिलानला २-० असे हरवले होते. त्याच वर्षी विश्वचषकात पश्चिम जर्मनीविरुद्ध पूर्वेचा विजयी गोल करणारा युर्गेन स्पारवासर हाही माग्डेबुर्गचाच.

घसरणीचे खरे कारण मात्र मैदानाबाहेर होते. पूर्व जर्मनीतला क्लब हा बहुधा एखाद्या मोठ्या कारखान्याच्या आधाराने उभा असे. येनाच्या मागे दुर्बिणी आणि भिंगांचा झाइस कारखाना, झ्विकाऊच्या मागे ‘ट्राबांट’ मोटारी बनवणारा झाक्सेनरिंग, आइझेनह्यूटेनष्टाटच्या मागे पोलाद कारखाना. एकीकरणानंतर यांतले अनेक कारखाने बंद पडले, विकले गेले किंवा आक्रसले. कारखाना गेला की पगार जातो, पगार गेला की वस्ती ओस पडते आणि वस्तीचा संघही पोरका होतो. गिरणगावाचे हाल पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. त्यातच चांगले खेळाडू पश्चिमेकडे गेले. भिंत पडून दोन महिनेही झाले नव्हते तोच बर्लिनच्या आंद्रेआस थोमचा लेव्हरकुसेनशी करार झाला होता. १९९० मध्ये ड्रेस्डेनचे माथियास झामर आणि उल्फ किर्स्टेन गेले. ज्यांच्या बळावर पुढे उभे राहायचे, तेच गेले.

१९९४ मध्ये जर्मन संघटनेने तिसरी पायरी म्हणून चार विभागीय लीग सुरू केल्या, त्यांतली एक ईशान्य. वाट अडण्याची गोष्ट तिथूनच सुरू होते. पहिल्या हंगामानंतर ईशान्य आणि उत्तर या दोन विजेत्यांना वर जाण्यासाठी एकमेकांशी झुंजावे लागे; पश्चिम-नैर्ऋत्य आणि दक्षिण विभागांचे विजेते थेट वर जात. १९९७ मध्ये कॉटबुसच्या एनर्जी संघाने हॅनोव्हरला हरवून ही अडथळ्याची शर्यत पार केली. त्याच वर्षी तिसऱ्या श्रेणीत असूनही तो जर्मन चषकाच्या अंतिम फेरीत खेळला होता. २००० मध्ये बर्लिनचा युनियन संघ ओस्नाब्र्युककडून पेनल्टीवर हरला आणि विजेता असूनही खालीच राहिला. त्या वर्षी चार लीगच्या दोन झाल्या आणि ईशान्य लीग बंद पडली. २००८ मध्ये देशव्यापी तिसरी लीग आली, तशी विभागीय स्पर्धा चौथ्या पायरीवर उतरली. २०१२ मध्ये पाच विभाग झाले, तेव्हा ईशान्य लीग पुन्हा जन्माला आली.

विभाग पाच, पण वर जाण्याच्या जागा तीन, असा हिशेब सुरुवातीला होता. २०१८-१९ पासून जागा चार झाल्या. पाच विजेते आणि चार जागा हे गणित सुटणार कसे? पुढे असे ठरले की पश्चिम आणि नैर्ऋत्य या विभागांचे विजेते दरवर्षी थेट वर जातील. उरलेल्या तिघांपैकी एकाला आळीपाळीने थेट जागा मिळेल आणि बाकीच्या दोघांनी आपसांत लढून चौथी जागा ठरवावी. परिणाम काय झाला? २०१३ ते २०२५ या काळात ईशान्य लीगला तेरा वेळा विजेता मिळाला. त्यांतले आठ वर गेले, पाच जागीच राहिले. २०१४ मध्ये नॉयष्ट्रेलिट्झ हे लहान गाव माइन्झच्या दुय्यम संघाकडून हरले. २०२० मध्ये लोकोमोटिव्हने फेर्लशी दोन्ही सामने बरोबरीत सोडवले, तरी परक्या मैदानावरील गोलांच्या नियमाने तो बाद झाला. २०२२ मध्ये बर्लिनचा डायनामो, २०२३ मध्ये कॉटबुस, २०२५ मध्ये पुन्हा लोकोमोटिव्ह.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. पश्चिम आणि नैर्ऋत्य विभागांत संघ आणि खेळाडू कितीतरी अधिक आहेत, तेव्हा त्यांना अधिक हक्क हवा, असे सांगितले जाते. बव्हेरियाला आपली स्वतंत्र लीग सोडवत नाही. विभाग कमी करावेत तर छोट्या क्लबांचा प्रवास आणि खर्च वाढतो. आणि चौथ्या श्रेणीतून पाच संघ वर घ्यायचे तर तिसऱ्या लीगमधून पाच खाली जाणार. ते तिथल्या क्लबांना नको असणे स्वाभाविकच. यातला एकही मुद्दा खोटा नाही. पण सगळ्यांच्या सोयी सांभाळल्यावर उरलेली गैरसोय नेमकी विजेत्याच्या माथी मारायची, हा कुठला न्याय? संघ कमी असलेला विभाग दुबळा असेल तर तिसऱ्या लीगमध्ये तो आपोआप उघडा पडेल. त्यासाठी दारातच आडवा बांबू लावण्याची गरज नाही. २०२५ मध्ये ईशान्य लीगच्या क्लबांनी एकत्र येऊन हेच सांगितले : विजेता वर गेलाच पाहिजे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे क्लब या एका मागणीवर एक झाले, यातच तिचे वजन आहे.

या क्लबांना केवळ दयेचे धनी समजू नये. त्यांचे स्वतःचे दोषही आहेत. एकीकरणानंतरच्या वर्षांत अनेक कारभाऱ्यांनी नसलेला पैसा खर्च केला आणि क्लब दिवाळखोरीत नेले. प्रेक्षागारांत हाणामारी आणि वंशद्वेष बोकाळला. २०१९ मध्ये केम्निट्झच्या मैदानावर एका मृत अतिउजव्या दंगेखोराला श्रद्धांजली वाहिली गेली, तेव्हा देशभर संताप उसळला. आपल्यावर अन्याय झाला म्हणून आपण केलेला अन्याय माफ होत नाही.

पण याच मातीत दुसरेही काही उगवले. लोकोमोटिव्हचा क्लब बुडाला तेव्हा पाठीराख्यांनी २००३ च्या अखेरीस तो नव्याने स्थापन केला आणि २००४ मध्ये अगदी तळाच्या, अकराव्या श्रेणीपासून सुरुवात केली. त्या गल्लीपातळीवरच्या स्पर्धेतला एक सामना पाहायला बारा हजारांवर लोक आले होते! युनियनच्या पाठीराख्यांनी तर २००८-०९ मध्ये आपले मोडकळीला आलेले मैदान स्वतःच्या हातांनी बांधून काढले. दोन हजारांहून अधिक माणसे, सुमारे १ लाख ४० हजार तासांचे श्रमदान. पेनल्टीवर वाट अडलेला तोच युनियन २०१९ मध्ये बुंदेसलिगेत पोहोचला आणि २०२३ मध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला.

वर जाण्याचा दुसरा मार्गही याच लीगमधून गेला. २००९ मध्ये एका पेय कंपनीच्या पैशावर लाइपझिगजवळच्या एका गावच्या संघाची पाचव्या श्रेणीतली जागा घेऊन आरबी लाइपझिग उभा राहिला. २०१२-१३ मध्ये एकही सामना न हरता त्याने ईशान्य लीग जिंकली आणि २०१६ मध्ये तो बुंदेसलिगेत गेला. २०२५-२६ च्या बुंदेसलिगेत या साऱ्या प्रदेशाचे दोनच संघ होते : एक श्रमदानाचा, दुसरा भांडवलाचा. यांतला कोणता मार्ग बरा, हे ज्याने त्याने ठरवावे. पण ज्याच्यापाशी ना धनको आहे ना राजधानीतली गर्दी, त्या गावाच्या संघाला तिसरा मार्ग एकच : खेळायचे आणि जिंकायचे. तोच बंद केला तर त्याने करायचे काय?

आपण मुलांना लहानपणापासून सांगत असतो, मेहनत कर, पहिला ये, पुढचे दार उघडेल. लाइपझिग, येना, झ्विकाऊ इथल्या आईबापांनीही तेच सांगितले असेल. शनिवार-रविवारी गळ्यात क्लबचा रुमाल घालून बापाबरोबर मैदानावर जाणाऱ्या तिथल्या मुलाने पूर्व जर्मनी पाहिलेली नाही. त्याला माग्डेबुर्गचा चषक ऐकून माहीत आहे आणि म्यूलरची पेनल्टी चित्रफितीत. त्याला जुन्या दुःखांचा हिशेब नको आहे. आपला संघ पहिला आला, तर तो वर का गेला नाही, एवढेच त्याला विचारायचे आहे. संख्या, विभाग, सोय, प्रवासखर्च यांतले कोणतेही उत्तर त्याला पटणार नाही. आणि त्याला न पटणारे उत्तर खेळाच्या न्यायातही बसत नाही.