‘ऑक्टोपसी’ : गर्दीतल्या माणसालाही नाव असते

गुप्तहेर जेम्स बाँडचे नाव ऐकले नाही असे घर विरळाच. १९६२ ते २०२१ या काळात त्याच्या मूळ मालिकेचे २५ चित्रपट निघाले. त्यांतला तेरावा ‘ऑक्टोपसी’ (१९८३) चाहत्यांचा नावडता. नायक रॉजर मूर पन्नाशी ओलांडलेला, वेलीला लोंबकळून टारझनची आरोळी ठोकणारा, शेवटी तर विदूषक झालेला! पण हा चित्रपट आपण पुन्हा पाहावा असे वाटते. कारण त्याची बरीचशी कथा भारतात घडते आणि १९८२ साली उदयपूरला त्याचे चित्रीकरण झाले होते.

रिक्षांच्या पाठलागात तलवार गिळणारा, खिळ्यांवर निजणारा, विस्तवावरून चालणारा असे सगळे एकाच बाजारात भेटतात. पाठलाग त्यांच्यामधून पुढे जातो आणि प्रेक्षक हसतो. पोटासाठी कसरत करणाऱ्या या माणसांना चित्रपटात ना नाव, ना घर. जुगारात जिंकलेल्या नोटा भारतीय सहकाऱ्याच्या हाती देताना नायक ‘तुझ्या कालवणाची सोय झाली’ अशा अर्थाची थट्टा करतो. टेनिसपटू विजय अमृतराज यांनी केलेला इमानी सहकारी मारला जातो, कथा क्षणभर थांबते आणि पुढे धावते. कबीर बेदी यांच्यासारख्या नटाच्या वाट्याला खलनायकाच्या फेटेवाल्या अंगरक्षकाचे काम आले आहे. त्यांच्या मातोश्री फ्रेडा बेदी यांनी १९७२ साली उपसंपदा घेतली व त्या भिक्खुणी झाल्या, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

मग यात चांगले काय? शेवटचा भाग. पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकी तळावर सर्कस चालू आहे, तंबूत मुलेबाळे बसली आहेत आणि आत अणुबाँब दडवला आहे. तोंडाला रंग फासलेला नायक जीव तोडून ओरडतो, पण त्याचे कोणी खरे मानत नाही. कोटातल्या साहेबाचा शब्द लगेच ऐकला जातो, रंगवलेल्या तोंडाचा शब्द म्हणजे गंमत! बाजारातल्या कसरतवाल्यांना हसवणुकीचे सामान करणाऱ्या चित्रपटाने आपल्या नायकालाच त्यांच्या जागी उभे केले. दिग्दर्शक जॉन ग्लेन यांचा तसा हेतू असो वा नसो, ते दृश्य मनाला लागते.

आपल्या सुरगाण्याकडे बोहाडा होतो. मुखवट्यामागे कोण नाचतो आहे, तो कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत असते. बाहेरचा कॅमेरा आला तर त्याला नुसता मुखवटा दिसेल. फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

तेव्हा हा चित्रपट जरूर पाहा. काही प्रसंग लहानांसाठी नाहीत, ते वगळा. मोठ्या मुलांना जवळ बसवा, मनमुराद हसा. आणि पडद्यावर गर्दी आली की त्यांना एकच प्रश्न विचारा : यांतल्या एकाचे तरी नाव आपल्याला सांगितले का?