गाऱ्हाणे कोणाच्या कानी?

घरबसल्या, दूरध्वनीच्या पडद्यावर मानसोपचार घेण्याची सोय आता झाली आहे आणि तीत लाजण्यासारखे काहीही नाही. उलट, जिथे देवळाच्या जत्रेत सारे एकमेकांना ओळखतात आणि सोयरिकीच्या चौकशीत आजीच्या दम्यापर्यंत विचारपूस होते, तिथे कोणाच्या नजरेस न पडता मनाच्या वैद्याशी बोलता यावे, हे उपकारच मानले पाहिजेत. आमची तक्रार उपचाराविषयी नाही. रुग्ण आणि वैद्य यांच्यामध्ये बसलेल्या दलालाविषयी आहे.

हा दलाल काय करू शकतो, ते अमेरिकेत दिसून आले. बेटरहेल्प ही तिथली या धंद्यातील मोठी कंपनी. दिलेली माहिती गुप्त राहील असे वचन ती देत असे. प्रत्यक्षात २०१७ व २०१८ या काळात तिने सत्तर लाखांहून अधिक लोकांचे ई-मेल पत्ते जाहिरातींच्या सोयीसाठी फेसबुककडे पाठविले, असा आरोप तेथील संघीय व्यापार आयोगाने २०२३ साली ठेवला. या व्यवहारातील बहुतेक निर्णय नुकत्याच पदवीधर झालेल्या, कसलाही अनुभव नसलेल्या एका कनिष्ठ नोकरावर सोपविले होते, असेही आयोगाने नमूद केले. कंपनीने दोष कबूल केला नाही; ७८ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटविले.

यावर काही शहाणे म्हणतात, पत्तेच तर दिले, बोलणे थोडेच दिले? या युक्तिवादाची आम्हांला चीड येते. गोव्यातील देवळांत लोक कौल मागायला येतात. उद्या पुजाऱ्याने त्यांच्या नावांची यादी करून ती बाजारातल्या व्यापाऱ्यांना विकली आणि वर म्हटले, ‘प्रश्न कोणाचाच सांगितला नाही हो, नावे तेवढी दिली,’ तर महाजनांच्या सभेत हा खुलासा क्षणभर तरी टिकेल काय? मानसोपचाराच्या वहीत नाव असणे, हेच मुळी गुपित आहे.

दुसरी सबब संमतीची. अटी वाचूनच त्यांनी होकाराची कळ दाबली, म्हणे! बुडत्याला दोर टाकताना त्याच्याकडून कोऱ्या कागदावर सही घ्यायची, अशातलाच हा प्रकार. रात्री दोन वाजता जिवाची घालमेल होऊन जो मदत शोधतो, तो बारीक अक्षरांतली वीस पाने वाचत बसत नाही, हे अटी लिहिणारा वकील पुरते जाणून असतो.

आपल्याकडे काय आहे? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे तेविसावे कलम रुग्णाला गुप्ततेचा हक्क देते आणि तो राखण्याचे कर्तव्य आरोग्य व्यावसायिकांवर टाकते. पण कंपनीच्या जाहिरातींचा हिशेब पाहणारा कारकून वैद्यही नव्हे, परिचारकही नव्हे. त्याच्यासाठी म्हणून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा दाखविला जातो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनांसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची सवलत मिळाली. या कायद्यात मनाच्या आजाराची माहिती आणि किराणा दुकानातली उधारी यांना वेगळा दर्जा नाही. सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. मात्र तो सारा भारताच्या संचित निधीत जमा व्हायचा. ज्याचे गुपित फुटले, त्याला छदामही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईचे ‘४३-अ’ हे कलम होते. ते गाळण्याची तजवीजही याच कायद्यात करून ठेवली आहे. अमेरिकेत ते ७८ लाख डॉलर निदान ग्राहकांना अंशतः परत देण्यासाठी घेतले गेले.

अब्रू जायची रुग्णाची आणि दंड मिळायचा सरकारला, ही वाटणी कोणत्या न्यायाची? भरपाईचे कलम जागच्या जागी राहिले पाहिजे आणि मनाच्या आजाराच्या माहितीचा जाहिरातीसाठी वापर, संमती असो वा नसो, बंद झाला पाहिजे. आपल्या खासदारांना एवढे लिहून कळविणे संस्थांच्या कार्यकारिणींना अवघड नाही. दरम्यान ज्याला उपचार घ्यायचे असतील त्याने ते अवश्य घ्यावेत. पण पहिल्याच दिवशी वैद्याला विचारावे की, तुमच्याखेरीज माझे नाव आणखी कोणापाशी जाते, आणि उत्तर लेखी मागून घ्यावे.